माघ-फाल्गुनात पेरलेली रोपं दरवर्षी का लोळतात? इंदूरच्या गच्चीवरचं समस्या निवारण

वसंत पंचमी उलटली की राजेंद्र नगरपासून सुदामा नगरपर्यंत आपल्या लोकांच्या गच्च्यांवर कुंड्या उकरायला सुरुवात होते. थंडीतली मेथी आणि पालक संपत आलेले असतात, टोमॅटो, मिरची, भेंडी, दुधी, काकडी यांची पाकिटं आणून ठेवलेली असतात. आणि दरवर्षी शिवरात्रीच्या सुमारास ठरलेली तक्रार कानावर येते. एक तर बी उगवलंच नाही, नाहीतर छान उगवलं आणि चार-पाच दिवसांत सगळी रोपं आडवी झाली. निष्कर्षही ठरलेला : बी खोटं निघालं. पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानातून आणखी महागाचं बी येतं, आणि पुन्हा तेच.

बी खोटं नसतंच असं नाही. पण दरवर्षी, वेगवेगळ्या दुकानांतलं, वेगवेगळ्या भाज्यांचं बी खोटंच निघत असेल तर संशय दुसरीकडे न्यायला हवा. इंदूरमध्ये या दिवसांत रोपं जातात त्यामागे बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात : कुंडीत जशीच्या तशी भरलेली काळी माती, अजून न सरलेली गार रात्र, आणि नळ आला म्हणून संध्याकाळी ओतलेलं पाणी. यातली एखादीच असेल तर रोप तग धरतं. तिन्ही जमल्या की पाकिटावर कुठल्याही कंपनीचं नाव असो, फरक पडत नाही.

म्हणून नवीन बी आणायच्या आधी गेलेल्या रोपाकडे नीट बघा. रोप कसं गेलं यावरून कारण कळतं, आणि कारण कळल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे नुसता खर्च.

बी वर आलंच नाही

आधी पुरेसे दिवस वाट पाहिली आहे ना, ते बघा. मेथी तीन-चार दिवसांत दिसते. टोमॅटोला आठवडा लागतो. मिरची आणि वांगं दहा-पंधरा दिवस घेतात, गारठा असेल तर आणखी जास्त. कोथिंबीर दहा दिवस सहज घेते. मिरची सहाव्या दिवशी उकरून "काहीच नाही" म्हणणारे लोक खूप आहेत.

दिवस उलटून गेले असतील तर खुरप्याच्या टोकानं एका कोपऱ्यातली माती हळूच उकरा आणि बी शोधा. ते सापडलं आणि पेरलं तसंच टणक असलं, तर त्याला ऊब किंवा ओल मिळालेली नाही. बोटानं दाबल्यावर पिचकलं आणि कुबट वास आला, तर ते ओलीत कुजलं. मोड फुटून वाकडा होऊन मातीखालीच अडकलेला दिसला, तर वरचा पापुद्रा घट्ट झाला होता. काळी माती वाळली की असा पापुद्रा हमखास धरते. आणि बी सापडलंच नाही तर मुंग्या, खार किंवा साळुंकी यांच्याकडे चौकशी करावी लागेल. कोथिंबीर आणि टोमॅटोचं बी मुंग्या उचलून नेतात. ट्रे उंचावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्यांचा प्रश्न मिटतो. खारीसाठी वर जाळी लागतेच.

यातलं पहिलं आणि दुसरं, म्हणजे गारठलेलं बी आणि कुजलेलं बी, खरं तर एकाच दुखण्याचे दोन टप्पे आहेत. भेंडी, दुधी, काकडी, दोडका, कारलं ही उन्हाळी मंडळी. यांना मातीची ऊब २५ ते ३० अंश असेल तर आवडते, १७-१८ च्या खाली ती हलत नाहीत. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. फेब्रुवारीत दुपारी ऊन चटका देतं म्हणून आपण फसतो, पण पहाटे पारा १०-१३ अंशांपर्यंत उतरलेला असतो आणि कुंडीतली ओली माती गच्चीच्या गार फरशीवर रात्रभर बसलेली असते. बी त्या थंड चिखलात आठ-दहा दिवस पडून राहतं. ते जागं व्हायच्या आधी बुरशी जागी होते.

शिवरात्रीला थंडी "शिव शिव" म्हणत जाते असं आजी म्हणायची, ते इंदूरला बऱ्यापैकी लागू पडतं. भेंडी थेट कुंडीत पेरायची तर होळीच्या आसपास, पहाटे शाल घ्यावीशी वाटेनाशी झाल्यावर. त्याआधी पेरायची घाई असेल तर ऊब आपण द्यायची. दुधी, काकडी, कारलं यांचं बी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधा आणि मटकीला मोड आणतो तसे मोड येऊ द्या. पुरचुंडी फ्रिजच्या वरच्या उबेत किंवा गव्हाच्या कोठीत ठेवली की दुधी-काकडी तीन-चार दिवसांत तोंड काढते. कारल्याचं कवच जाड असतं, त्याची कड नेलकटरनं किंचित कापून मग भिजवा. फडकं ओलं हवं, पण पिळल्यावर थेंब पडता कामा नये. मोड आलेलं बीच कुंडीत लावलं की थंडीत कुजण्याचा मोठा टप्पा टळतो.

याच पुरचुंडीनं बियांवरच्या आरोपाची शहानिशाही होते. दहा बिया मोजून फडक्यात ठेवा. सात-आठ फुटल्या तर बी चोख आहे, दोष तुमच्या कुंडीत आहे. दोन-तीनच फुटल्या तर मग दुकानदाराशी भांडायला हरकत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की कांद्याचं बी वर्ष-दीड वर्षात निकामी होतं, तर टोमॅटो-काकडीचं नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं चालतं. मागच्याच्या मागच्या वर्षीचं उघडं पाकीट स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ पडून असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

धणे पेरताना ते लाटण्याखाली हलकेच रगडून दोन करा आणि रात्रभर भिजवा. किराण्यातले चालतात, कुंभराजचा धना आपल्याकडे सहज मिळतो आणि तो उगवतोही. फक्त भाजलेले किंवा फार जुने नसावेत.

उगवलं, आणि मग लोळलं

हे खरं दुखणं. सकाळी ट्रेमध्ये हिरवी रांग उभी होती, दुसऱ्या दिवशी त्यातली चार रोपं आडवी आहेत, तिसऱ्या दिवशी अर्धा ट्रे. पानं अजून हिरवीच असतात, म्हणून आपल्याला वाटतं की तहान लागली, आणि आपण आणखी पाणी घालतो.

पडलेलं एक रोप उचला आणि जिथे देठ मातीतून बाहेर येतो ती जागा बघा. तिथे देठ पाणी शोषल्यासारखा काळपट-तपकिरी आणि दोऱ्यासारखा बारीक झाला असेल तर हे रोपं कोलमडणं, नर्सरीवाले ज्याला डॅम्पिंग ऑफ म्हणतात ते. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्यूझेरियम अशा मातीतल्या बुरशी हे करतात. त्या जवळपास प्रत्येक मातीत असतात, बाहेरून आणाव्या लागत नाहीत. सतत ओली माती, दाट पेरणी, कोंदट हवा आणि गारठ्यामुळे रेंगाळलेली वाढ एवढं मिळालं की त्यांचं फावतं.

देठ बारीक न होता कात्रीनं कापल्यासारखा स्वच्छ तुटलेला असेल, आणि वरचा शेंडा शेजारीच पडलेला असेल, तर ती बुरशी नाही, कुरतडणारी अळी आहे. ती दिवसा मातीत वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांत वेटोळं करून बसलेली सापडते. रात्री टॉर्च घेऊन वेचायची, संपलं. हिच्यासाठी बुरशीनाशक ओतणाऱ्यांचे पैसे वाया जातात, आणि बुरशीसाठी कीटकनाशक फवारणाऱ्यांचेही.

शेंडा आणि पानंच गायब, देठ उभा, अशी अवस्था असेल तर पाखरं.

आता बुरशीच आहे असं ठरलं, तर पहिली गोष्ट : पडलेलं रोप उठत नाही. हळद भुरभुरवून, ताक घालून, दालचिनीची पूड टाकून ते उठत नाही. घरगुती पुड्यांवर माझा फारसा भरवसा नाही. त्यांनी वरचा थर थोडा कोरडा होतो, बस. पडलेली रोपं आजूबाजूच्या चिमूटभर मातीसकट काढून कचऱ्याच्या गाडीत द्या, घरच्या खताच्या डब्यात नको. ट्रे सकाळच्या उन्हात आणि वाऱ्यात आणा. वर प्लास्टिक झाकलं असेल तर काढा. दाटी असेल तर कात्रीनं विरळणी करा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. पाणी पूर्ण थांबवा, वरचा थर फिकट दिसेपर्यंत.

एवढ्यानं उरलेली बहुतेक वाचतात. तरीही लागण पसरतच असेल आणि ट्रे मोठा असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात मिसळून मुळांशी एकदा ओतता येतं. हातमोजे घाला आणि ज्या ट्रेमधली कोवळी पानंच खायची आहेत तिथे ते मुळीच वापरू नका. चार कुंड्यांसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. दहा रुपयांचं बी पुन्हा पेरणं सोपं.

खरा उपाय पेरायच्या आधीचा आहे, आणि तो म्हणजे ट्रायकोडर्मा. ही पण बुरशीच, पण आपल्या बाजूची. रोगाच्या बुरशीवर ती वाढते. कृषी सेवा केंद्रात पुडी मिळते. शेतकरी किलोभर बियांना ४-५ ग्रॅम चोळतात. आपल्या पाकिटातल्या बियांना चिमूटभर पुरते : बी किंचित ओलं करा, पूड लावा, सावलीत अर्धा तास सुकवा, पेरा. त्याहून चांगलं म्हणजे घमेलंभर ओलसर, कुजलेल्या शेणखतात चमचाभर पूड मिसळून गोणपाटाखाली सावलीत आठवडाभर ठेवायची आणि ते खत पेरणीच्या मिश्रणात घालायचं. पुडीवरची शेवटची तारीख जरूर वाचा. ती जिवंत वस्तू आहे. दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली वर्षभर पडलेली पुडी आणि साधी पांढरी पूड यात फरक नाही. आणि हिच्याबरोबर तांब्याचं बुरशीनाशक वापरलंत तर स्वतःच्याच शिपायांना मारलंत.

कुंडीतली काळी माती

माळव्याची माती ज्वालामुखीच्या काळ्या खडकापासून झाली आहे. शेतात ती सोनं आहे. सोयाबीन, गहू, हरभरा हिच्यावरच उभे आहेत. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. शेतात या भेगा मीटरभर खोल जातात, हवा खेळते, गांडुळं असतात, पाणी खाली निघून जातं. बारा इंची कुंडीत यातलं काहीच घडत नाही. तीच माती तिथे पाणी घातल्यावर लोण्यासारखी होते, आठ दिवस वाळत नाही, आणि वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या कडेच्या फटीतून सरळ खाली वाहून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. खालून पाणी आलं म्हणून आपण समजतो की रोप प्यायलं.

तपासणी सोपी आहे. मूठभर माती कणकेएवढी ओली करा, अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत तिची फीत काढा. पाच सेंटिमीटरपर्यंत फीत न तुटता आली तर एकट्या या मातीत बी पेरू नका.

फेकूनही देऊ नका. मे महिन्यात सगळी गच्ची तव्यासारखी तापते तेव्हा ओल धरून ठेवणारी हीच असते. नुसत्या कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते. मोठ्या कुंडीसाठी एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडी रेती किंवा कोकोपीट, आणि कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड असं मिश्रण ठीक बसतं. रेती जाडीच हवी, चाळून बारीक काढून टाकलेली. बारीक रेती थोडीशी चिकणमातीत मिसळली तर निचरा वाढत नाही, उलट माती आणखी घट्ट होते.

बी पेरायच्या ट्रेमध्ये काळी माती अजिबात नको. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग जाडी रेती. कोकोपीट धुणं टाळू नका. त्यात मीठ राहिलेलं असतं आणि कोवळ्या मुळांना ते झोंबतं. कोकोपीटची वीट भिजवा, पिळा, पाणी फेका, असं दोन-तीनदा. मागच्या वर्षी ज्या ट्रेमध्ये रोपं लोळली तेच मिश्रण पुन्हा वापरायचं असेल तर त्यावर उकळतं पाणी ओता, निथळू द्या, पूर्ण गार झाल्यावर पेरा. ट्रेही साबणानं धुऊन उन्हात वाळवा.

कुंडीच्या तळाशी गिट्टी किंवा खापरांचा जाड थर घालायचा सल्ला प्रत्येक माळी देतो. त्यानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी पूर्ण भरल्याशिवाय खालच्या पोकळ थरात उतरत नाही, त्यामुळे चिखलाचा थर नुसता वर सरकतो आणि मुळांना जागा कमी उरते. भोकावर एक खापर, माती वाहू नये इतकंच. त्यापेक्षा कुंडीखाली दोन विटांचे तुकडे ठेवून तिला फरशीपासून उचला. भोकं मोकळी राहतात आणि रात्रीचा गारठाही थोडा कमी लागतो.

खताबद्दल एक वेगळी गोष्ट. इंदूरच्या घरात ओला आणि सुका कचरा वेगळा करायची सवय आता अंगवळणी पडली आहे, त्यामुळे घरी खत करणारेही वाढले आहेत. पण अर्धकच्चं खत रोपांचा काळ ठरतं. त्यात कुजण्याची क्रिया चालूच असते, ती मातीतलं नत्र ओढून घेते, गरमी आणि आंबूस वायू सोडते, आणि चिलटं गोळा करते. भाजीची सालं ओळखू येत असतील, वास आंबट असेल, हात घातल्यावर कोमट लागत असेल, तर ते अजून महिनाभर राहू द्या. शंका असेल तर वाटीभर खतात मेथीचे दहा-पंधरा दाणे पेरा. नेहमीसारखे उगवून हिरवे राहिले तर खत तयार, पिवळे पडले तर नाही.

शहाण्या खताची शिकवण आपल्याला दुरून आणायची गरज नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. काडीकचरा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर लावून, ढीग वेळोवेळी परतून, तीन महिन्यांत खत करायची रीत तिथे बसवली गेली आणि जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावर पुस्तक आलं तेव्हा हॉवर्ड यांच्या जोडीला लेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव होतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. त्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. त्या पद्धतीतला गच्चीला लागू पडणारा भाग म्हणजे ढीग परतणं. आपण डबा भरतो आणि झाकण लावून विसरतो. आठवड्यातून एकदा तळ वर, वर तळ केलं आणि ओल्या सालांच्या जोडीला सुका पालापाचोळा घातला तर वासही येत नाही आणि खतही वेळेत होतं.

पाणी

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून येतं आणि बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. त्यामुळे झाडांना पाणी कधी, याचं उत्तर नळ ठरवतो. शेजारच्या काकूंशी झालेला संवाद थोड्याफार फरकानं सगळीकडचाच आहे.

"अगं, नळ आला की मी भरभरून घालते सगळ्यांना. तरी माना टाकतात मेली!"

"काकू, नळ कधी येतो तुमच्याकडे?"

"संध्याकाळी. मग उद्या येणार नाही म्हणून दोन दिवसांचं एकदमच घालते."

"मातीत बोट घालून बघितलंत का कधी?"

"त्यात काय बघायचं? वरून कोरडीच दिसते की."

वरून कोरडी आणि दोन बोटं खाली चिखल, हे काळ्या मातीचं नेहमीचं. आणि मुळं चिखलात गुदमरली की रोप अगदी तहानलेल्यासारखंच मान टाकतं. फरक ओळखायचा तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. ओल लागली तर पाणी नको, रोप कितीही केविलवाणं दिसो. सकाळी ताजं आणि भर दुपारी जरा मलूल, संध्याकाळी पुन्हा ताजं, असं असेल तर ते उन्हामुळे, चिंता नको. सकाळीसुद्धा मान खाली आणि माती ओली, तर मुळं बिघडली आहेत.

नळ संध्याकाळी येत असेल तर बादल्या भरून ठेवा आणि झाडांना सकाळी घाला. होळीपर्यंत हा नियम मोडू नका. सकाळचं पाणी दुपारच्या उन्हात वरून सुकतं. संध्याकाळचं पाणी गार रात्रभर देठापाशी साचतं. रोपांच्या ट्रेला तर वरून झारीनं घालूच नका. परातीत दोन बोटं पाणी घेऊन ट्रे त्यात वीस मिनिटं ठेवा, खालून ओल चढली की उचला.

बोअरिंगचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी खरपुडी जमते आणि पानांची टोकं जळतात. रोपांसाठी नर्मदेचं पाणी राखून ठेवा, बोअरिंगचं मोठ्या झाडांना. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायचा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. आपल्याकडचं बोअरिंगचं पाणी आरओतून गेलं की त्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. त्यानं फरशी धुवा, रोपांना नको.

ओल्या मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. वरचा थर दोन-तीन दिवस कोरडा ठेवणं हा पहिला उपाय, पिवळे चिकट कागद हा दुसरा.

उभी आहेत, पण हलत नाहीत

टोमॅटोची पानं खालून जांभळट झाली आणि वाढ थांबली, तर बहुतेक वेळा गारठ्यामुळे मुळांना स्फुरद उचलता येत नसतो. खत ओतू नका, ट्रे रात्री घरात घ्या. ऊब वाढली की रंग आपोआप येतो. जुनी, खालची पानं पिवळी पडली तर नत्र कमी, गांडूळखत द्या. नवी, वरची पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. आपल्या माती-पाण्याच्या अल्कधर्मी स्वभावामुळे हे होतं, लोह मातीत असूनसुद्धा. खत आणि निंबोळी पेंड वाढवा, बोअरिंगचं पाणी कमी करा.

उंच, फिकट, काडीसारखी रोपं म्हणजे उजेड कमी. उगवून वर आली त्याच दिवशी ती सकाळचं ऊन मिळेल अशा जागी हवीत. टोमॅटोचं लांबलेलं रोप पुनर्लागणीत पहिल्या पानांपर्यंत खोल लावलं तर देठाला मुळं फुटतात आणि ते सुधारतं. काकडी-दुधीला असं खोल पुरू नका, त्यांचा देठ कुजतो.

मिरचीची पानं वाकडी झाली की सगळे "व्हायरस" म्हणतात. पानांच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, माइट नावाची बारीक कीड). दोन्हींवर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं, आठवड्याच्या अंतरानं. पानं बारीक, पिवळट आणि गुच्छासारखी झाली आणि झाड खुरटलं, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला चुरडा-मुरडा. ते झाड काढून टाका, त्याच्यावर औषध नाही.

काय पेरायचं आणि काय सोडायचं

आपल्याकडे गारठा आणि कडक ऊन यांच्यामधली फट फार अरुंद आहे, जेमतेम दोन महिन्यांची. एप्रिलमध्ये पारा ३८-३९ ला जातो. टोमॅटोची फुलं दिवसा ३५ च्या वर आणि रात्री उकाडा असला की गळून पडतात. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी बी पेरून टोमॅटो खायचं स्वप्न इंदूरच्या गच्चीवर सहसा पुरं होत नाही. झाड देखणं होतं, फळ धरत नाही. टोमॅटो हवाच असेल तर जानेवारीत घरात रोप करा किंवा फेब्रुवारीत तयार रोप आणा. नाहीतर पावसाळ्याच्या शेवटी लावा, तो हंगाम त्याचा आहे. मिरची आणि वांगं उन्हाळा बऱ्यापैकी सोसतात, त्यांच्यावर मेहनत घ्या. माठ, राजगिरा, भेंडी, गवार, दुधी, दोडका ही खरी उन्हाळी भाजी. मेथी-पालक फेब्रुवारीत पेरलात तर कोवळी असतानाच कापा, ऊन चढलं की पालक सरळ फुलावर जातो. कोथिंबीरही होळीनंतर सावलीतच बरी.

दुधी-काकडीला पहिली फुलं येतात ती नराची, ती गळतातच. "फळ धरत नाही" म्हणून औषध मारायला धावू नका. मागे इवलंसं फळ असलेलं मादी फूल आठ-दहा दिवसांनी येतं. गच्चीवर मधमाशी येत नसेल तर हातानं परागीकरण करा, काकडी आणि कारल्याचं सकाळी, दुधी-दोडक्याचं संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हा उमलतात.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघून गेली की पाण्याचे नियम बदलतात. आता संध्याकाळचं पाणी चालतं, मे महिन्यात दोन वेळाही लागतं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते बाहेर जाऊ द्या, मग झाडाकडे वळा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा आणि कुंडीत दोन बोटं पालापाचोळ्याचं आच्छादन घाला.

ज्या कुंड्यांमधली रोपं यंदा लोळली त्यांची माती मे महिन्यात गच्चीवर वीतभर जाडीची पसरा, ओली करा, पारदर्शक प्लास्टिकनं कडा दाबून घट्ट झाका आणि चार ते सहा आठवडे तशीच तापू द्या. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. जूनच्या पहिल्या पावसाआधी ती उचलून शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळून गोणीत भरून ठेवा. पावसाळी भेंडी-गवारीला तीच वापरता येते.